मास्टर्स संपलं, आता चौघांनी जर्मनीतून कमी पैशात कुठे आणि कसं फिरावं?

पाठपिशवी
नमस्कार मंडळी. थीसिस दिला, डिफेन्स झाला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. आम्ही चौघं (दोन मुली, दोन मुलगे) जर्मनीत एकाच फ्लॅटमध्ये राहतो आणि खरं सांगायचं तर इतक्या काळात युरोप म्हणजे युनिव्हर्सिटी, लायब्ररी, सुपरमार्केट आणि वेअरहाउसची नाइट शिफ्ट एवढाच बघितलाय. आता सप्टेंबरमध्ये तीन आठवडे फिरायचंय. माणशी ८०० युरो, त्याच्या वर एक सेंट नाही. प्रश्न असे:
१. इंटररेल पास (एकाच पासावर युरोपभर रेल्वेने फिरायचा) घ्यावा की बसने जावं?
२. पॅरिस, रोम, अ‍ॅमस्टरडॅम करायचं का सरळ पूर्वेकडे वळायचं?
३. हा जरा नाजूक आहे. दोघांना नोकरी लागलीये, माझे इंटरव्ह्यू चालू आहेत आणि चौथ्याला अजून काहीच नाही, वर शैक्षणिक कर्ज मोठं. तो म्हणतो तुम्ही जा, मी नाही येत. आम्ही म्हटलं तुझे पैसे आम्ही तिघं मिळून घालतो, तर तो चिडलाच. दोन दिवस किचनमध्ये नुसतं हूं की चूं. काय करावं?

निळी छत्री
रुमाल टाकून ठेवते. पुढच्या वर्षी आमचाही हाच प्रश्न येणारे.

रात्रपाळी
अभिनंदन! ८०० भागिले २१ म्हणजे दिवसाला ३८ युरो. यात प्रवास, झोप, जेवण सगळं. पॅरिसमध्ये नुसती डॉर्मची खाट कधीकधी एवढ्याला मिळत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितानेच दिलंय, पूर्वेकडे वळा.

टीसीची मुलगी
इंटररेलबद्दल. २७ वर्षांपर्यंत युथ पास मिळतो तो स्वस्त असतो, पण पासची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे हे आधी डोक्यात घे. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे, रात्रीच्या गाड्यांना तर सगळीकडेच. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना रिझर्व्हेशन लागत नाही, तिथे पास मस्त वाटतो, पण गंमत अशी की ज्या देशात तू राहतेस तिथे इंटररेल फक्त बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा एवढाच चालतो. म्हणजे जर्मनीत भटकायला त्याचा उपयोग नाही.

अप्पा खडूस
भारतीय पासपोर्टवाल्यांना इंटररेल मिळत नाही, त्यांना युरेल घ्यावा लागतो. चुकीची माहिती देऊ नका.

टीसीची मुलगी
अप्पा, पासपोर्ट कुठला याला महत्त्व नाही, राहता कुठे त्याला आहे. युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांना युरेल. हिच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे, तिला इंटररेलच.

अप्पा खडूस
बरं. आमच्या वेळी आम्ही बाहेरून आलो होतो.

बर्फातला बेडूक
पाठपिशवी, तुमचं सेमिस्टर तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) किती तारखेपर्यंत आहे? समर सेमिस्टरचं असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत चालेल. शक्य असेल तर तोवर एक्समॅट्रिक्युलेट होऊ नका, नाव लागलेलं राहू दे, विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलतीही चालू राहतात. आणि तिकीट जर्मनीभराचं असेल तर लोकल, रिजनल गाड्यांनी थेट साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, वेगळा पैसा नाही. तिकडे ऑस्ट्रिया सुरू.
तिकीट नसेल तर डॉइचलांडटिकेट (जर्मनीभर लोकल, रिजनल गाड्यांत चालणारा महिन्याचा पास) एका महिन्यापुरतं घ्या. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. पण ते सबस्क्रिप्शन आहे, १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही कापतात. आयसीईत, म्हणजे फास्ट गाड्यांत, चालत नाही हे सांगायला नकोच.

कर्जमुक्त
मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नका. डोक्यावर कर्ज असताना तीन आठवडे भटकंती हे मला पटत नाही. मोरेटोरियम म्हणजे हप्ता थांबलाय, व्याज नाही. ते रोज चढतंय. चौथा मुलगा शहाणा आहे, त्याला ओढू नका. नोकरी लागली की फिरायला आयुष्य पडलंय.

रात्रपाळी
नोकरी लागली की आयुष्य पडलंय म्हणणाऱ्यांनी जर्मन रजेचा कायदा वाचावा. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा (बऱ्याच कंपन्या जास्त देतात ते सोडा), पण पूर्ण हक्क सहा महिने झाल्यावर. प्रोबेशनही साधारण तेवढंच. नव्या बॉसला लागल्या लागल्या सलग तीन आठवडे कोण मागणार? आणि चौघांना एकाच वेळी रजा मिळेल हे तर विसराच. शिकून झाल्यावर आणि नोकरीच्या आधी जी फट मिळते ती एकच.

कर्जमुक्त
फट तुम्हाला, व्याज त्याच्या बापाला. घर तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं अनेकांनी.

निळी छत्री
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

भाकरी विथ बटर
दोघांचंही पटतंय, पण त्या मुलाला नोकरी शोधायला वेळ किती आहे ते बघा ना. पदवीनंतर नोकरी शोधायचं परमिट १८ महिन्यांचं मिळतं आणि ते वाढवून मिळत नाही. तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण तीन आठवडे कुठले हे महत्त्वाचं. सुट्ट्या संपवून लोक सप्टेंबरात ऑफिसला परततात, भरती तेव्हा जोर धरते. ऑगस्टमध्ये जा, सगळे सुट्टीवर असतात, तुमच्या मेलला उत्तर तसंही कोणी देणार नाही. तोटा एवढाच की ऑगस्टमध्ये हॉस्टेलं महाग.

सही-शिक्का
कोणी कागदपत्रांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो.
विद्यार्थी परमिट ज्या दिवशी संपतंय त्याच्या आधी पुढच्या परमिटचा अर्ज गेला पाहिजे. अर्ज केल्यावर नवं कार्ड यायला महिनोन्‌महिने लागतात, मधल्या काळात फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतात. त्यावर तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर, म्हणजे परमिटच्या कायद्यातल्या कलम ८१(४) वर टिक असेल तर जुनं परमिट चालू आहे असं धरतात, त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं. पण ८१(३) असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना अडकाल. कागद हातात पडला की आधी हे बघायचं, मग तिकीट काढायचं.
परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. इंग्लंड आणि आयर्लंड यात येत नाहीत.
आणि जाण्याआधी कुणाला तरी पत्रपेटीची किल्ली द्या. इथलं सरकारी खातं मेल नाही करत, पत्र पाठवतं, त्यात उत्तराची मुदत असते. तुम्ही कुठल्याशा तळ्यात पाय सोडून बसलेले आणि इकडे मुदत संपलेली.

पाठपिशवी
बापरे, ८१(३) आणि (४) चं माहीतच नव्हतं. माझं कार्ड जानेवारीपर्यंत आहे, दोघांचं ब्लू कार्डचं (नोकरीवाल्यांच्या परमिटचं) काम चालू आहे, त्यांना विचारते. चौथ्याचं ऑक्टोबरमध्ये संपतंय!! त्याला आजच अर्ज करायला लावते.
कर्जमुक्त काका, राग नाही. तो स्वतः हेच म्हणतोय.

कर्जमुक्त
काका नाही हो, बत्तीसचा आहे.

अप्पा खडूस
ठ्ठो!

ढगाळ दुपार
तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण बाकी सगळं गूगलवर मिळतं.
आमच्या ग्रुपमध्येही असंच होतं. पाच जण, त्यातल्या एकीला घरून एक पैसा येत नव्हता, मिनीजॉबवर (थोड्या तासांच्या छोट्या कामावर) चालायचं. बाकीच्यांनी प्रेमाने तिचं हॉस्टेल भरलं. पहिले काही दिवस छान गेले. मग झालं असं की कुठे जेवायचं यावर ती बोलेनाशीच झाली. "तुम्ही म्हणाल तिथे." संध्याकाळी सगळे कॉफी घ्यायचे आणि ती बाहेर बाकावर बसून फोन बघायची, म्हणायची भूक नाही. क्राकोमध्ये एकाने तिला न विचारता केकचा तुकडा आणून दिला आणि ती रडायला लागली. सगळे गोंधळले, आता केकने काय झालं? केकने काहीच नव्हतं झालं. दुसऱ्याच्या पैशाने फिरणाऱ्याला "मला हे नको" म्हणायची सोय राहत नाही, तेच साचलं होतं.
त्यामुळे त्याचे पैसे घालू नका. त्याला विचारा, तुला किती परवडतं? तो जो आकडा सांगेल तो सगळ्यांचा आकडा. ८०० नाही, तो ४५० म्हणाला तर ४५०, मग दोन आठवडेच जा.

टीसीची मुलगी
+१. शब्दन् शब्द.

बर्फातला बेडूक
मला नाही पटलं. ज्याने दोन वर्षं राबून पैसे साठवलेत त्याने का म्हणून ब्रेड आणि चीजवर राहायचं? नोकरी लागलेल्या दोघांना ऑपेराला जायचं असेल, चांगलं जेवायचं असेल, त्यांनीही मन मारायचं का? सगळ्यात कमी बजेटवाल्याने सगळ्यांचं ठरवायचं हा उलटा अन्याय झाला.

ढगाळ दुपार
मन कुठे मारायचंय? खाट आणि प्रवास, म्हणजे जे चौघांनी एकत्रच करावं लागतं, ते त्याच्या आकड्यात बसवायचं. बाकी ज्याचं त्याने करावं. दुपारी वाटा वेगळ्या करा ना, तुम्ही म्युझियमला जा, तो डोंगर चढेल, संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये भेटा. चोवीस तास चौघांनी चिकटून राहिलंच पाहिजे असं थोडीच आहे. उलट तीन आठवडे चिकटून राहिलात तर परत आल्यावर फ्लॅट सोडाल.
(अवांतर: ऑपेरा म्हणत असाल तर व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात. रेलिंगला रुमाल बांधून आपली जागा राखतात लोक, खरंच.)

निळी छत्री
तिकडेही रुमाल!! हसून हसून पुरेवाट

भाकरी विथ बटर
पैशांची पद्धत: खर्च वाटून घ्यायचं अ‍ॅप वापरा, पण फक्त त्यावर राहू नका. दर संध्याकाळी "कोणी किती" सुरू होतं, दीड युरोच्या पाण्याच्या बाटलीवरून तोंडं वाकडी होतात. आम्ही दर शहराला प्रत्येकी ठरावीक रोख एका पाकिटात टाकायचो. किराणा, ट्राम, सामायिक काय ते त्यातून. पाकीट संपलं की त्या शहरात सामायिक खर्च बंद. पाकीट सगळ्यात चिकट माणसाकडे द्यायचं.

रात्रपाळी
म्हणजे अप्पांकडे.

अप्पा खडूस
मी ते पाकीट उघडणारच नाही. सगळे श्रीमंत होऊन घरी जाल.

पाठीवर बिऱ्हाड
उशिरा आलो. रूट सुचवतो, बाल्कनकडे जा. प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट छानच आहे पण ते पुढे वीकेंडला कधीही होईल, बाल्कनला सवड लागते.
साल्झबुर्गपर्यंत फुकटात, तिथून स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना. ब्लेड तळ्याला सगळे होडीत बसतात, तुम्ही काठाने चालत चक्कर मारा, साधारण सहा किलोमीटर आहे, तळं सगळीकडून दिसतं आणि पैसा लागत नाही. मग क्रोएशियात झाग्रेब, तिथून बसने बोस्नियात सारायेव्हो. इथे मुक्काम वाढवा. वर त्रेबेविच डोंगरावर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्ले (बर्फावरच्या घसरगाडीचा) ट्रॅक तसाच पडून आहे, काँक्रीटची ती लांब वळणदार पन्हळ जंगलातून खाली उतरते, सगळीकडे ग्राफिटी, आत शिरून चालत उतरता येतं. केबल कारने वर जा नाहीतर पायी. खाली शहरात रस्त्यावर तोफगोळ्यांचे खड्डे लाल रंगाने भरलेले दिसतात, १९९२ ते १९९६ च्या वेढ्यातले. ते बघायला तिकीट नाही पण वेळ ठेवा, एका दमात बघून होत नाही ते शहर.
सारायेव्हो ते मोस्तार मात्र रेल्वेनेच. नेरेत्वा नदीच्या काठाकाठाने जाते, तिकीट अगदी स्वस्त. मोस्तारचा जुना पूल १९९३ मध्ये युद्धात पडला, २००४ मध्ये परत बांधला. त्यावरून पोरं नदीत उड्या मारतात, आधी पैसे गोळा करतात मग मारतात. पैसे पुरेसे जमेपर्यंत नुसती तयारी चालते, आमच्यासमोर एकजण बराच वेळ दंड चोळत होता.
शाकाहारी असाल तर बेकरीत बुरेक मागू नका, त्यात मांस असतं. पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोंपिरुशा, चीजची सिरनित्सा. एकात पोट भरतं.

टीसीची मुलगी
म्हणजे इंटररेलचा प्रश्नच मिटला. पास बोस्नियात चालतो, पण गाड्याच मोजक्या. पुढे क्रोएशियातल्या दुब्रॉव्हनिकला जायचं म्हटलं तर तिथे रेल्वेच नाही. या रूटला बस आणि सुटी तिकिटं.

सही-शिक्का
बोस्निया शेंगेनमध्ये नाही, युरोपियन युनियनमध्येही नाही. जर्मन रेसिडेन्स परमिट असलेल्या भारतीयांना थोड्या दिवसांसाठी वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं, पण निघण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर ताजा नियम वाचा. ज्याच्याकडे नुसती फिक्शन आहे त्याने तर लेखी विचारल्याशिवाय जाऊच नये, तिथल्या सीमेवरच्या पोलिसाला तो जर्मन कागद ओळखू येईलच असं नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तिथपर्यंत चिंता कमी.
दोन गोष्टी अजून. जर्मन सिमचं फुकट रोमिंग बोस्नियात चालत नाही, सीमा ओलांडायच्या आधी डेटा बंद करा. आणि आरोग्यविम्याच्या कार्डाच्या मागचं युरोपियन कार्डही तिथे चालत नाही, वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा. तसंही भारतीय पासपोर्ट असेल तर ते कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंडमध्येही चालत नाही, हे कोणी सांगत नाही.

रात्रपाळी
पासपोर्ट अंगावर ठेवा, बॅगेत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीये. आमची रात्रीची बस पहाटे थांबवली, दिवे भक्कन लागले, दोन पोलीस एकेक सीट करत पुढे येतायत. शेजारच्या सीटवरच्या मुलाचा पासपोर्ट खाली डिकीतल्या बॅगेत, आणि बॅग चाळीस बॅगांच्या तळाशी. ड्रायव्हरने त्या सगळ्या पावसात बाहेर काढल्या. बसमधलं कोणी काही बोललं नाही, पण ज्या नजरेने बघत होते त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

कर्जमुक्त
माझा विरोध मावळत चाललाय. एकच सांगतो, घराचं डिपॉझिट बजेटमध्ये धरू नका. घरमालक हिशेब करून परत द्यायला महिने लावतात. आणि विद्यार्थी म्हणून मिळणारा आरोग्यविम्याचा दर शिक्षण संपल्यावर जातो, नोकरी लागेपर्यंतचा हप्ता जास्त असतो, तेवढे पैसे आधी बाजूला काढा. उरले त्यावर फिरा.

निळी छत्री
हॉस्टेलमध्ये घोरणाऱ्याचं काय करायचं यावर कोणीतरी लिहा, माझा खरा प्रश्न तो आहे.

अप्पा खडूस
त्याच्या आधी झोपायचं.

भाकरी विथ बटर
हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडणी मात्र घालू नका. आमच्यातल्या एकीने जिऱ्या-मोहरीची घातली, स्मोक अलार्म वाजला, सगळी बिल्डिंग पायजम्यात रस्त्यावर. फायर ब्रिगेडच्या माणसाने पातेल्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, हे काय आहे? वरण, दुसरं काय.
आणि जर्मनीत, ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद हे गाडीत बसल्यावर आठवतं लोकांना. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात पण महाग.

पाठपिशवी
सगळ्यांना दंडवत. ढगाळ दुपार ताई, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला. काही बोलला नाही. रात्री स्वतःच एक्सेल उघडून बसला आणि म्हणाला, ५०० पर्यंत जमेल, पण मोजून दोन आठवडे आणि माझ्या वाट्याचं कोणी भरायचं नाही. त्या ५०० पैकी बराच भाग पफांडच्या (परत दिल्या की अनामत मिळते त्या) बाटल्यांचा आहे असं त्याचं म्हणणं, बाल्कनीत दोन मोठ्या पिशव्या साठल्यात, बाटलीला २५ सेंट.
ठरलं ते असं: त्याच्या परमिटचा अर्ज केला. कार्ड ऑक्टोबरपर्यंत चालू आहे त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जाऊन परत यायचं, म्हणजे फिक्शनची भानगडच नको. साल्झबुर्ग, ल्युब्ल्याना, सारायेव्हो, मोस्तार, परत येताना बुडापेस्ट. इंटररेल नाही. नोकरीवाले दोघं शेवटी बुडापेस्टला आठवडाभर मागे राहून ऐश करणार आहेत, आम्ही दोघं परत. पाकीट माझ्याकडे दिलंय, यात कौतुक आहे की टोमणा ते कळलं नाही.

बर्फातला बेडूक
मागे राहून ऐश हा मधला मार्ग बरा काढलात. माझा आक्षेप मागे.

कर्जमुक्त
बाटल्या साठवणाऱ्या माणसाला कर्जाची चिंता करायची गरज नाही, फेडेल तो. शुभेच्छा.

पाठपिशवी
थँक्यू दादा (या वेळी बरोबर ना?). एक शेवटचं, बोस्नियात युरो चालतात की तिथले पैसे घ्यायचे?

पाठीवर बिऱ्हाड
काही ठिकाणी युरो घेतात पण सुटे त्यांच्या पैशात देतात. त्यांचा मार्क युरोला बांधलेला आहे, एका युरोला १.९५५८३, त्यामुळे दोनने भागलं की अंदाज येतो. एटीएम "तुमच्या चलनात रूपांतर करू का" विचारेल, नाही म्हणायचं, त्यांचा भाव वाईट असतो. आणि थोडे थोडेच काढा, उरलेले सीमेच्या आत बदलून टाका, बाहेर ते मार्क कोणी घेत नाही.